सुसल्लिखित देह : मात्रा, उपवास आणि उष्मांक

वजन कमी करण्यासाठी आहारातील उष्मांक घटवणे हितकारक आहे का, हा प्रश्न वरकरणी केवळ वैद्यकाचा वाटतो आणि त्याचा मोठा भाग खरोखरच वैद्यकाचा आहे. परंतु त्यातील ‘हितकारक’ हा शब्द उलगडू लागले, की शरीर हे साधन आहे की अडथळा, भूक ही गरज आहे की विकार, आणि संयम कोठे संपतो व देहाचा छळ कोठे सुरू होतो, असे प्रश्न एकामागून एक पुढे येतात, आणि त्यांची उत्तरे वजनकाट्यावर मिळत नाहीत. भारतीय धर्मपरंपरांनी हे प्रश्न उष्मांकाची कल्पना जन्माला येण्यापूर्वी अनेक शतके हाताळले, त्यांत काही ठिकाणी अत्यंत समंजस निर्णय दिले आणि काही ठिकाणी गंभीर चुकाही केल्या. त्या निर्णयांचा व चुकांचा आधुनिक शरीरशास्त्राच्या जोडीने विचार केला असता एक गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की, वजन उतरण्यासाठी ऊर्जेची तूट अपरिहार्य असली, तरी ती तूट आरोग्यदायी ठरते ती केवळ ‘मात्रे’त असेल तेव्हाच, आणि मात्रा म्हणजे निव्वळ परिमाण नव्हे, तर विशिष्ट देहाला, विशिष्ट काळी, विशिष्ट हेतूसाठी सोसेल असे प्रमाण होय.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. उष्मांक किंवा कॅलरी हे उष्णतेचे एकक असून, आहारशास्त्रात ज्याला कॅलरी म्हणतात ती वस्तुतः किलोकॅलरी, म्हणजे एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास लागणारी उष्णता होय. अन्नातील ऊर्जा या एककात मांडण्याचे पायाभूत काम अमेरिकेतील विल्बर ॲटवॉटर (१८४४–१९०७) या रसायनशास्त्रज्ञाने केले. एक ग्रॅम प्रथिन अथवा कर्बोदकापासून सुमारे चार आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे नऊ किलोकॅलरी मिळतात, हे आजही पाकिटांवर छापले जाणारे हिशेब त्याच्या कामावर उभे आहेत. हे एकक सर्वसामान्यांच्या ताटापर्यंत नेले ते लुलू हंट पीटर्स या अमेरिकी डॉक्टर स्त्रीने, १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून. पहिल्या महायुद्धाच्या त्या काळात अंगावर चरबी बाळगणे म्हणजे अन्नाचा साठा करण्यासारखा देशद्रोह आहे, अशी मांडणी त्यांनी केली होती. उष्मांकाचा आकडा लोकव्यवहारात आला तो असा आरंभापासूनच पाप-पुण्याची छाया घेऊन आला, आणि प्रस्तुत प्रश्नाचे धार्मिक-तात्त्विक अंग ओढूनताणून आणलेले नाही, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

उष्मांक घटवण्याच्या बाजूने जे सत्य आहे ते निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते त्याहून कमी ऊर्जा त्याला मिळाली, तर ते साठवलेली चरबी वापरते, आणि आहाराची कोणतीही पद्धत वजन उतरवते ती शेवटी याच मार्गाने. ‘कॅलरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी प्रयोगात स्थूल नसलेल्या दोनशेहून अधिक निरोगी व्यक्तींचा दोन वर्षे अभ्यास झाला. त्यांतील एका गटाने आहार चतुर्थांशाने घटवावा असे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात सरासरी घट सुमारे १२ टक्के झाली, तरीही वजन सुमारे दहा टक्क्यांनी उतरले आणि रक्तदाब व रक्तातील मेदांची स्थिती सुधारली. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या अभ्यासात मधुमेहाच्या रुग्णांना वैद्यकीय देखरेखीखाली काही महिने रोज सुमारे ८५० किलोकॅलरींवर ठेवले गेले, आणि वर्षअखेरीस त्यांतील ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधाविना नियंत्रित अवस्थेत आला. आहार घटवणे हे मुळातच अनारोग्यकारक आहे, असे म्हणण्यास म्हणून जागा उरत नाही.

परंतु शरीर म्हणजे वाण्याची खतावणी नव्हे. त्याला स्वतःचे संरक्षण करण्याची बुद्धी आहे. वर उल्लेखिलेल्या पहिल्या प्रयोगातच वजनासोबत हाडांची घनताही काही प्रमाणात घटली होती. उतरलेल्या वजनात केवळ चरबीच नसते, स्नायूही असतात. वजन फार वेगाने उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा खर्च करते ती देह लहान झाल्यामुळे तर घटतेच, पण बहुधा त्या हिशेबापेक्षाही थोडी अधिक घटते. चरबीच्या पेशींतून स्रवणारे व तृप्तीचा निरोप मेंदूला देणारे लेप्टिन हे संप्रेरक कमी होते, जठरातून स्रवणारे व भूक चेतवणारे घ्रेलिन वाढते, आणि वजन उतरल्यानंतर एक वर्ष लोटले तरी हे बदल पूर्वपदावर आलेले नसतात, असे अभ्यासांतून दिसले आहे. वजन पुन्हा वाढलेल्या माणसाला ‘निश्चय कमी पडला’ असे जे सर्रास सुनावले जाते ते यामुळेच अन्यायाचे ठरते. कारण त्याचा निश्चय ज्याच्याशी झुंजत असतो, तो आळस नसून दुष्काळात तग धरण्यासाठी घडलेली देहाची जुनी व्यवस्था असते.

या व्यवस्थेचे सर्वांत सखोल दर्शन १९४४–४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी केलेल्या प्रयोगात घडले. युद्धाने उपासमार झालेल्या युरोपातील लोकांना पुन्हा कसे पोसावे हे समजून घेण्यासाठी ३६ तरुणांनी २४ आठवडे अर्धपोटी राहणे स्वीकारले. हे तरुण धार्मिक वा नैतिक श्रद्धेपोटी शस्त्र हाती घेण्यास नकार देणारे होते, आणि लढणार नसलो तरी मानवजातीच्या कामी येऊ, ही त्यांची भावना होती. म्हणजे निग्रह, उदात्त हेतू आणि स्वेच्छा या तपश्चर्येच्या तिन्ही अटी तेथे पुऱ्या होत होत्या. त्यांना रोज सुमारे १,६०० किलोकॅलरींचा आहार मिळत असे, आणि हा आकडा आज अनेक आहारतक्त्यांत मवाळ मानला जातो. मात्र ते तरुण पुरुष होते आणि त्यांना आठवड्याला मैलोगणती चालावेही लागत असे. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले. परंतु त्यासोबत थंडी सोसेनाशी झाली, नाडी मंदावली, औदासीन्य आले, माणसांतले मन उडाले, आणि अन्नाखेरीज दुसरे काही सुचेनासे झाले, इतके की काहींनी पाककृतींची पुस्तके जमवण्यास सुरुवात केली. अन्नावर विजय मिळवण्यासाठी निघालेले मन अन्नाचेच दास झाले, आणि त्यांची श्रद्धा खरी असूनही ती त्यांना यापासून वाचवू शकली नाही.

हाच अनुभव आणि त्यातून काढलेला निष्कर्ष बौद्ध वाङ्मयात अग्रस्थानी आहे. मज्झिमनिकायातील महासच्चकसुत्तात बुद्ध आपल्या बोधिपूर्व तपश्चर्येचे वर्णन करताना सांगतो, की आहार अत्यल्प केल्यामुळे पोटाला हात लावावा तर कणा हाताला लागे, आणि अंगावरून हात फिरवावा तर मुळाशी कुजलेले केस गळून पडत. या अवस्थेत ज्ञान तर लाभले नाहीच, उलट इतक्या कृश देहाने ध्यानाचे सुखही साधणार नाही हे त्याला उमगले आणि त्याने भात व अन्य अन्न घेतले, तेव्हा बरोबरचे पाच तपस्वी त्याला सुखलोलुप समजून सोडून गेले. या कथेचा अर्थ अनेकदा ‘बुद्धाने आहारसंयम सोडला’ असा लावला जातो. तो अपुरा आहे, हे संयुत्तनिकायातील दोणपाकसुत्तावरून दिसून येते.

त्या सुत्तात कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर तांदळाचा भात खाऊन धापा टाकत बुद्धाकडे येतो. द्रोण हे धान्याचे मोठे माप असून पाली कोष्टकांप्रमाणे त्यात सोळा नाळी असतात. बुद्ध राजाला उपवास सांगत नाही, भोजनाची निंदा करत नाही आणि राजाच्या देहाविषयी एकही अपमानाचा शब्द उच्चारत नाही. जो माणूस सावध राहून मिळालेल्या अन्नात मात्रा ओळखतो, त्याच्या वेदना क्षीण होतात आणि तो आयुष्य राखत सावकाश म्हातारा होतो, अशा आशयाची एक गाथा तेवढी तो म्हणतो. राजा सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करून रोज भोजनाच्या वेळी म्हणण्यास सांगतो, आणि हळूहळू त्याचा आहार नाळीभर भातावर येतो. अट्ठकथा, म्हणजे पाली ग्रंथांवरील पारंपरिक टीका, यात असा तपशील घालते की, राजा शेवटचा घास घेऊ लागला की गाथा म्हटली जाई, तो घास बाजूला ठेवला जाई, आणि त्या घासाइतकेच तांदूळ पुढच्या वेळी कमी शिजवले जात.

या कथेतील उपायाचे घटक तपासून पाहण्यासारखे आहेत. घट एका घासाची आहे, आणि शरीराला भयभीत न करता नव्या प्रमाणाला सरावण्यास ती अवधी देते. घटीचे साधन दुराग्रह नसून स्मृती आहे, म्हणजे जेवताना आपण जेवत आहोत याचे भान. हे भान राजावर एकट्यावर सोपवलेले नाही. एक सोबती रोज ताटाजवळ उभा आहे, आणि तो दंड करण्यासाठी नव्हे तर आठवण देण्यासाठी आहे. शेवटी, घटीला थांबा आहे. राजा शून्याकडे जात नाही, एका स्थिर प्रमाणावर येऊन तेथे राहतो. आज हितकारक मानला जाणारा मार्ग, म्हणजे माफक तूट, सावकाश उतरण, सोबतीचा आधार आणि नंतर ते वजन टिकवण्याची स्वतंत्र तजवीज, याच्याशी या घटकांचे साम्य आहे. ते प्राचीनांना आधुनिक शास्त्र अवगत होते म्हणून नव्हे, तर देह तोच असल्यामुळे आणि त्याच्याकडे सहानुभूतीने पाहणाऱ्याला तो तेच सांगत असल्यामुळे.

‘मात्रा’ या संकल्पनेचे शास्त्रीय विवेचन चरकसंहितेत येते. आहाराची मात्रा खाणाऱ्याच्या अग्निबलावर, म्हणजे पचनशक्तीवर, ठरते आणि ती सर्वांना एकच असू शकत नाही, असा चरकाचा सिद्धांत आहे. जठराचे तीन भाग कल्पून एक घन अन्नाला, एक द्रवाला आणि एक दोषांच्या संचाराला ठेवावा, हे तो सांगतो ते त्याच अनुषंगाने. अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांनाही तो निंद्य अवस्थांत गणतो, आणि स्थूल माणसाला भूक अधिक का लागते याचेही उत्तर शोधतो: मेदाने मार्ग रोखल्यामुळे कोठ्यात कोंडलेला वायू अग्नीला चेतवतो, असे तो म्हणतो. हे स्पष्टीकरण आजच्या शास्त्राचे नाही; पण स्थूल माणसाची भूक ही नीतीची उणीव नसून देहाची घटना आहे, हा त्यामागील दृष्टिकोन आजही पुष्कळांना शिकण्यासारखा आहे. त्याचा उपायही लक्षणीय आहे. स्थूल माणसाला ‘गुरु’ पण ‘अतर्पण’ अन्न द्यावे, म्हणजे पचण्यास जड, पोट भरणारे, परंतु पोषणाची भर न घालणारे अन्न द्यावे, जसे जव, कुळीथ, मूग. आणि व्यायाम क्रमाक्रमाने वाढवावा. याचा अर्थ असा की तूट घडवायची, पण माणसाला उपाशी ठेवून नव्हे. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अभ्यासात वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न, वाटेल तेवढे खाण्याची मुभा देऊन, दिले गेले. वाढलेल्या ताटांतील उष्मांक, साखर, मेद व तंतू यांचे प्रमाण जुळवलेले असूनही अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर ते रोज सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक खात होते. अन्नाचे रूपच मात्रेची जाण बिघडवू शकते, हे यातून दिसते; आणि केवळ आकडा मोजणाऱ्याला ही बिघाडाची जागाच दिसत नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात योग अतिखाणाऱ्याला साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे सांगून ‘युक्त’ आहाराचा पुरस्कार केला आहे; हठयोगप्रदीपिकेत मिताहाराची व्याख्या करताना पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवण्यासोबतच अन्न स्निग्ध व मधुर असावे, असेही म्हटले आहे. मिताहार म्हणजे रूक्ष, बेचव, शिक्षेसारखे जेवण अशी जी समजूत आढळते, तिला या व्याख्येत आधार नाही.

तथापि धर्मपरंपरांची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंपरेत उपवासाचे हेतू अनेक आहेत आणि ते परस्परांत मिसळले की अनर्थ होतो. जैन धर्मात बाह्य तपांमध्ये अनशन म्हणजे आहारत्याग आणि अवमौदर्य किंवा ऊनोदरी म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी खाणे, ही दोन तपे वेगळी सांगितली आहेत, आणि सल्लेखना म्हणजे आयुष्याच्या अंती व्रतपूर्वक देह सोडणे हे त्याहून निराळे आहे. देहाचा निरोप घेण्याची साधना देह सुदृढ करण्याची साधना म्हणून प्रमाण मानता येत नाही. हा विवेक सुटला, की भूक सोसणे हेच पुण्य ठरते आणि जितका देह कृश तितका आत्मा उजळ, असे समीकरण मनात घर करते. आजच्या तरुण पिढीत अन्नाचा तिटकारा व कृशतेचा ध्यास या रूपाने दिसणारा मानसिक विकार हेच समीकरण धर्माचे नाव न घेता चालवतो, आणि त्यात जीव जाऊ शकतो. ज्या देशात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि अनेक घरांत स्त्री सर्वांच्या मागून जेवते, तेथे सोमवार, चतुर्थी, एकादशी अशा उपवासांचा भार प्रामुख्याने तिच्यावर टाकून वर त्याला आरोग्याचे नाव देणे, हे धर्माच्या दृष्टीनेही समर्थनीय नाही. याउलट ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण लोकांनी स्वतःच घडवली आहे, आणि साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे व तूप यांनी भरलेला उपवास ऊर्जेच्या हिशेबात तूट नसून वाढही असू शकतो, हे त्या म्हणीने नेमके ओळखले आहे.

बहुतेक धर्मांनी उपवासातून कोणाला वगळावे याचाही विचार केला आहे, आणि आहार घटवण्याच्या आधुनिक उत्साहात तो विशेष स्मरणीय आहे. इस्लाममध्ये आजारी व प्रवासी यांना रमजानच्या रोज्यांतून सवलत आहे. कॅथलिक चर्चचा उपवासाचा नियम साठीला लागलेल्यांवर बंधनकारक नाही. त्याच न्यायाने वाढत्या वयातील मुले, गर्भवती व स्तनदा स्त्रिया, दुर्बल वृद्ध, इन्शुलिनसारखी औषधे घेणारे रुग्ण आणि अन्नविषयक मानसिक विकारातून गेलेली माणसे यांनी स्वतःच्या मनाने उष्मांक घटवणे धोक्याचे आहे. आणि दिवसाला ८०० किलोकॅलरींच्या आसपासचा आहार कोणीही डॉक्टरांच्या देखरेखीवाचून घेऊ नये.

आणखी एक प्रश्न असा, की वजन हेच आरोग्याचे माप आहे का. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्यक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली होती. दोघांचाही वजन-उंची निर्देशांक, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.३ होता, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण एकाचे सुमारे ९ टक्के तर याज्ञिकांचे सुमारे २१ टक्के निघाले. भारतीय देह बारीक दिसत असूनही मेदबहुल असू शकतो, हे त्यातून अधोरेखित झाले. अशा देहाने केवळ जेवण तोडले आणि प्रथिने व व्यायाम यांकडे दुर्लक्ष केले, तर आधीच तुटपुंजे असलेले स्नायू आणखी झिजतील आणि काट्यावरचा आकडा उतरूनही आरोग्य उतरणीलाच लागेल.

या सर्व विचारात उष्मांकाच्या मोजदादीचे स्थान कोणते? ते दिव्याचे आहे, मालकाचे नव्हे. ताटात नकळत किती ऊर्जा येते हे काही काळ मोजून पाहिल्याने अज्ञान दूर होते, आणि अज्ञान दूर होणे हे कोणत्याही संयमाचे पहिले पाऊल आहे. परंतु ते आकडे सरासरीचे असतात; बदामांतून शरीराला प्रत्यक्ष मिळणारी ऊर्जा कोष्टकातील आकड्यापेक्षा लक्षणीयरीत्या कमी असल्याचे आढळले आहे. शिवाय बाहेरचा आकडा आतल्या जाणिवेची जागा घेऊ लागला, म्हणजे भूक लागली असताना ‘आजचा कोटा संपला’ म्हणून आणि पोट भरले असताना ‘अजून शिल्लक आहे’ म्हणून माणूस वागू लागला, की मोजदाद मात्रेच्या विरुद्ध जाते. सुदस्सनाची गाथा राजाला किती खावे ते सांगत नव्हती. ती त्याला स्वतःकडे लक्ष द्यायला सांगत होती.

भारतीय भाषांत देह हलका करण्यासाठी जे शब्द आले आहेत त्यांतील कित्येकांच्या मुळाशी ‘लिख्’ म्हणजे खरवडणे हा धातू आहे. आयुर्वेदात मेद खरवडणाऱ्या उपचाराला ‘लेखन’ म्हणतात, जैनांच्या ‘सल्लेखने’त तोच धातू आहे, आणि दोणपाकसुत्तात राजाच्या उतरलेल्या देहाला ‘सुसल्लिखित’, म्हणजे नीट, चांगल्या रीतीने खरवडलेला, असे विशेषण दिले आहे. खरवडणे हे मूर्तिकाराचेही काम असते आणि झीज करणाऱ्या गंजाचेही. उष्मांक घटवणे आरोग्यदायी आहे का, या प्रश्नाचे उत्तर त्या ‘सु’ या एका उपसर्गात साठले आहे. तपश्चर्येने झिजलेल्या बोधिसत्त्वाने अंगावरून हात फिरवला तेव्हा केस गळून हातात आले. पसेनदीनेही पुढे आपल्या सडपातळ देहावरून हात फिरवला, आणि बुद्धाने आपल्यावर या लोकीचे व परलोकीचे अशा दोन्ही हितांची अनुकंपा केली, असे उद्गार त्याच्या तोंडून निघाले. दोन्ही सुत्तांत ही कृती जवळजवळ त्याच शब्दांत आली आहे. घटवलेला आहार हितकारक झाला की नाही, याची परीक्षा म्हणून आजही याहून चांगली परीक्षा सापडत नाही: आपल्याच देहावरून फिरणाऱ्या त्या हाताला काय लागते, आणि त्या स्पर्शात कृतज्ञता आहे की वैर.